बुडाला लागलेलं सूप

"यापुढे जो कोणी 'पोट भरलं' म्हणेल, त्याला मी इथेच रस्त्यात उतरवीन," काकांनी गाडी चालवता चालवता जाहीर केलं.

मागच्या सीटवर ढेकरने घाईघाईने तोंड मिटलं. तो नेमकं तेच म्हणणार होता. ढेकरसारख्या मुलावर असं म्हणायची पाळी यावी, यावरूनच सकाळपासून किती खाणं झालं असेल ते ओळखावं.

काका एका प्रवासी कंपनीत कामाला होते. येत्या हंगामात कंपनीच्या बस सरोवराला वळसा घालून जाणार होत्या, आणि त्या जेवायला कुठे थांबतील हे ठरवायचं काम काकांकडे आलं होतं. एकटा माणूस खाऊन खाऊन किती खाणार? म्हणून पोरांना सुट्टीची सहल आणि स्वतःला जास्तीची तोंडं, असा बेत त्यांनी आखला होता. तोंडं तीन होती. एक त्यांच्या स्वतःच्या मुलीचं. ती प्रत्येक वाक्याची सुरुवात "एक मिनिट" अशी करायची, म्हणून तिला सगळे मिनिटच म्हणत. उरलेली दोन त्यांच्या पुतणीचं आणि पुतण्याचं. पुतण्या म्हणजे ढेकर. त्याला हे नाव का पडलं ते सांगायला नको. पुतणी त्याची मोठी बहीण. ती बारा वर्षांची होती आणि तिला घरात, शाळेत, शेजारीपाजारी सगळे चौकशी म्हणत, कारण ती चौकशी करायची.

काकांची खानावळ पारखायची रीत साधी होती. बस लावायला जागा आहे का आणि संडास स्वच्छ आहे का, एवढं ते बघत. जेवण ते फोनवर बोलत बोलत जेवत. ताटात काय होतं हे त्यांना नंतर विचारलं तर "बरं होतं" म्हणत. मुलांच्या रीती निराळ्या होत्या. ढेकर दुसऱ्यांदा मागावंसं वाटलं तर पास करायचा. मिनिट गावातली माणसं कुठल्या टेबलावर बसतात आणि काय मागवतात ते बघत राहायची. आणि चौकशी थेट स्वयंपाक करणाऱ्याला गाठून विचारायची, "आज काय बिघडलं?"

हा प्रश्न तिला आपसूकच सुचला होता. घाटमाथ्यावरच्या बेकरीतल्या माणसाने न चिडता सांगितलं होतं की आज भट्टी उशिरा तापली, म्हणून पावाचा खालचा भाग पांढरा राहिला. त्याचा पाव उत्तम होता. उलट पेट्रोल पंपाशेजारच्या, सुंदर पडद्यांच्या हॉटेलातला आचारी म्हणाला होता, "आमच्याकडे काहीच बिघडत नाही." त्याचे बटाटे कच्चे होते. तेव्हापासून चौकशीचं ठाम मत झालं होतं, की मन लावून रांधणाऱ्याला त्या दिवशी काय चुकलं ते नेमकं माहीत असतं.

दुपारी गाडी सरोवराच्या काठी, बोटींच्या धक्क्यापाशी थांबली. तिथे रस्ता संपत होता आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना, एकमेकींकडे तोंड करून, दोन खानावळी उभ्या होत्या. एकीला निळं दार होतं, दुसरीला मोठ्या काचेच्या खिडक्या. बोटीची तिकिटं देणाऱ्या माणसाने पाच मिनिटांत सगळी कथा सांगून टाकली. निळ्या दाराची खानावळ मावशींची, काचेच्या खिडक्यांची मामांची. मावशी आणि मामा सख्खे बहीणभाऊ. मूळची खानावळ त्यांच्या वडिलांची. वडील गेल्यावर दोघांचं कडाक्याचं भांडण झालं, आणि तेव्हापासून इतकी वर्षं समोरासमोर राहूनही दोघं एक शब्द बोललेले नाहीत.

"आपल्याला काय," काका म्हणाले. "इथे बस एकीकडेच थांबेल. आज इकडे जेवू, उद्या तिकडे, आणि उद्या दुपारी निकाल लावून टाकू."

निळ्या दाराच्या खानावळीत लाकडी बाकं होती, आणि सूप आणि पाव सोडून दुसरं काही मिळत नव्हतं. सूप सरोवरातल्या माशांचं, दाट, भरपूर बटाटे आणि गाजरं घातलेलं. ढेकरचं भरलेलं पोट पहिल्या चमच्यालाच रिकामं झालं. चौकशीला मात्र चवीच्या मागे कुठेतरी अगदी पुसट करपल्याचा वास जाणवला. तिने स्वयंपाकघराच्या दारात जाऊन आपला प्रश्न विचारला. मावशी उंच, सडपातळ, करड्या केसांच्या होत्या. त्यांनी डाव पातेल्यात तसाच ठेवला आणि तिच्याकडे जरा निरखून पाहिलं.

"बुडाला लागलं," त्या म्हणाल्या. "कोळ्याशी मासे कमी दिले म्हणून हुज्जत घालत बसले, तेवढ्यात लागलं. वरचं वर काढून घेतलं, पण वास गेला नाही. तुला कळला म्हणजे नाक चांगलं आहे तुझं."

चौकशीने त्यांना मनातल्या मनात पैकीच्या पैकी गुण दिले.

जेवून काका रात्रीच्या मुक्कामासाठी घेतलेल्या खोलीत जाऊन झोपले. तिघं धक्क्यावर खेकडे शोधत भटकली, आणि ऊन उतरायच्या आत ढेकरला पुन्हा भूक लागली. उद्याची वाट कशाला बघायची, म्हणून तिघं समोरच्या खानावळीत शिरली. इथे टेबलांवर कापडं होती आणि फुलदाण्या होत्या. वाढायला मामी होत्या, म्हणजे मामांच्या बायको. गोल चेहऱ्याच्या, लगबगीच्या बाई. त्यांनी मुलांपुढे सुपाचे वाडगे ठेवले. चौकशीने चमचा तोंडात घातला आणि ती तशीच थांबली.

तोच पुसट करपल्याचा वास होता. तोच दाटपणा. गाजराच्या चकत्याही तशाच तिरक्या कापलेल्या, लांबट, पानासारख्या.

"मामी, आज काय बिघडलं?" तिने विचारलं.

मामींच्या हातातला चमचा खाली पडला. काही नाही, काही बिघडलं नाही, असं म्हणून त्या तो उचलायला वाकल्या. उठल्या तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला होता. तेवढ्यात आतून मामा आले. धिप्पाड माणूस, पण आवाज मऊ. सूप आवडलं का, असं त्यांनी मुलांना विचारलं. ढेकर मनापासून "एकदम मस्त" म्हणाला. मामा हसले, त्याच्या वाडग्यात जरा वेळ बघत राहिले आणि पुन्हा आत गेले.

बाहेर आल्यावर धक्क्याच्या पायऱ्यांवर बैठक बसली. एकाच दिवशी दोन वैऱ्यांचं सूप एकाच तऱ्हेने बुडाला लागतं, हे कसं? ढेकरचं म्हणणं, योगायोग. मिनिट म्हणाली, एक मिनिट, योगायोगाने एकवेळ दोन्ही पातेली करपतील, पण करपल्याचं कारण एकीला माहीत आणि दुसरी "काही नाही" म्हणून लाल होते, हा योगायोग नाही. चौकशीला एकच अर्थ दिसत होता आणि तो तिला आवडत नव्हता. मामांची माणसं मावशींचं सूप चोरत होती.

आपण हे कोणाला सांगायचं नाही, आधी खात्री करायची, असं तिघांनी ठरवलं. हा ठराव संध्याकाळच्या चहापर्यंत टिकला. दोन्हीकडे सारखंच सूप मिळणार असेल तर उद्या पुन्हा तिकडे कशाला जायचं, असं ढेकर काकांसमोर बोलून गेला, आणि मग काकांनी त्याच्याकडून बाकीचं काढून घेतलं.

काकांचा आवाज असा होता, की त्यांनी कानात सांगितलेली गोष्ट चार घरं पलीकडे ऐकू जायची. शिवाय कुठलाही प्रश्न चारचौघांत विचारला की लवकर सुटतो, असा त्यांचा विश्वास होता. "लबाडी आहे ही," ते म्हणाले. "उद्या जेवताना मी त्या मामालाच विचारतो, सगळ्यांच्या देखत. बघतो काय उत्तर देतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी काका दाढी करत होते तेव्हाच मुलं बाहेर पडली. दोन्ही खानावळींची मागची दारं दिसतील अशी जागा मिनिटने आदल्या दिवशीच हेरून ठेवली होती. उलट्या घातलेल्या एका जुन्या होडीच्या आडोशाला तिघं बसली. मामांच्या धुराड्यातून धूर येत होता. थोड्या वेळाने पहिल्या बोटीचा भोंगा वाजला, तसे मामा पुढच्या दाराने निघाले आणि पाहुण्यांना बोलवायला धक्क्याकडे चालू लागले.

मग दूधवाला आला. त्याने सायकलवरचा दुधाचा कॅन मावशींच्या मागच्या दारातून आत नेला आणि जरा वेळाने बाहेर आणला.

"रिकामा कॅन घेऊन माणूस असा एका बाजूला झुकून चालत नाही," मिनिट कुजबुजली.

खरंच होतं. आत नेताना जेवढा जड होता, त्याहून तो कॅन बाहेर येताना जड दिसत होता. दूधवाल्याने इकडेतिकडे पाहिलं, रस्ता ओलांडला आणि कॅन मामांच्या मागच्या दारात ठेवला. दार आधीच उघडं होतं. मामींनी कॅन आत ओढून घेतला. झाकण उचललं तेव्हा त्यातून वाफ आली. यानंतर मात्र जे झालं त्याचा मुलांना अंदाज नव्हता. मामी एक मोठं पातेलं दोन्ही हातांनी उचलून बाहेर आल्या आणि ते त्यांनी मागच्या खड्ड्यात उपडं केलं. पातेलंभर सूप होतं. वास होडीपर्यंत आला, आणि ढेकरने आयुष्यात पहिल्यांदा खाण्याच्या पदार्थाला नाक दाबलं. गावातलं एक कुत्रं धावत आलं, खड्ड्याशी थबकलं आणि विचार बदलून निघून गेलं.

हे बघून ढेकरला हसू आवरेना, आणि त्याचं हसू मामींना ऐकू गेलं.

मामी रागावतील असं वाटलं होतं. त्या होडीपाशी आल्या, तिघांकडे बघितलं आणि तिथेच होडीच्या कडेवर बसल्या. सूप कोणी चोरलं नव्हतं, असं त्यांनी सांगितलं. गेल्या हिवाळ्यात मामांना मोठा ताप आला. ताप उतरला, पण जाताना त्यांची वास घ्यायची शक्ती घेऊन गेला. लसूण जळला तरी त्यांना कळत नव्हतं, मासा शिळा असला तरी कळत नव्हतं. सूप असं होऊ लागलं की गिऱ्हाइकं वाडगे अर्धे टाकून उठू लागली. मामा म्हणायचे, माझा हात शाबूत आहे, मला सवयीने येतं. मामींना त्यांना खरं सांगवेना.

"मग एका सकाळी हा दूधवाला कॅन घेऊन दारात," मामी म्हणाल्या. "म्हणाला, समोरून पाठवलंय, आणि कोणाला बोलायचं नाही. पोरांनो, वडील गेले तेव्हा वन्सं यांना भरल्या खानावळीत म्हणाल्या होत्या, तुझ्या हाताला चव नाही आणि कधी येणारही नाही. त्यावरून तर सगळं मोडलं. आणि यांचा वास गेला हे कळल्यावर त्यांना वाटलं असणार, की आपलेच शब्द शापासारखे लागले. तेव्हापासून रोज पाठवतात. हे धक्क्यावर जातात तेवढ्यात मी पातेली बदलते. यांना कळलं तर हे चूल कायमची विझवतील. एवढी एकच गोष्ट उरलीय त्यांना."

चौकशीला काकांचा बेत आठवला. दुपारी काका त्या भरल्या खानावळीत उभे राहून तोच प्रश्न विचारणार होते. मावशींनी कित्येक वर्षांपूर्वी लोकांसमोर जे म्हटलं होतं, ते आता काका लोकांसमोर शाबीत करून दाखवणार होते.

तिघं काकांना गाठायला धावली. पण काका फोनवर होते. फोन संपला की दुसरा फोन येत होता, आणि मध्ये ते बोटाने 'नंतर' अशी खूण करत होते. जेवणाची वेळ होत आली. गिऱ्हाइकांनी मामांची टेबलं भरू लागली, तेव्हा काका फोन खिशात टाकून, छाती काढून काचेच्या दाराकडे निघाले.

"एक मिनिट, बाबा," मिनिट म्हणाली. "बस इथे वळेल का?"

काका थांबले. सगळं बघितलं होतं, पण हे बघितलं नव्हतं. रस्ता इथे संपत होता, आणि बस परत फिरवायला जागा पुरली नाही तर ती मागे मागे न्यावी लागली असती. काकांनी गाडीतून मोजायची टेप काढली. तिचं एक टोक ढेकरच्या हातात दिलं, आणि ढेकरने ते मोजमाप लावायच्या नेमक्या क्षणी सोडून दिलं. मग त्याला शिंक आली. मग बुटाची नाडी सुटली. काका रस्त्याच्या मधोमध उभे राहून ओरडत राहिले, आणि मिनिट शांतपणे सुचवत राहिली की मोठी बस असेल तर आकडा वेगळा येईल, पुन्हा मोजून बघावं.

तेवढ्या वेळात चौकशी मामांच्या स्वयंपाकघरात शिरली. मामांना निदान एकटं असताना सावध करावं, एवढंच तिच्या मनात होतं. काय सांगायचं ते ठरलं नव्हतं. मामा उद्याच्या तयारीला लागले होते. पाटावर गाजरं कापत होते, आणि पाटाशेजारी गोल, सरळ कापलेल्या चकत्यांचा ढीग पडला होता.

चौकशीने त्या गोल चकत्यांकडे पाहिलं. मग वाढायला काढून ठेवलेल्या वाडग्याकडे पाहिलं. त्यात तिरक्या, पानासारख्या चकत्या तरंगत होत्या. तिने वर पाहिलं, तर मामा तिच्याकडेच बघत होते.

"काल तुम्ही सूप खात होतात तेव्हाच मला वाटलं होतं, तुझ्या लक्षात येईल म्हणून," ते म्हणाले. "वास गेलाय माझा. डोळे आहेत अजून."

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे?"

"पहिल्या दिवसापासून. गाजर असं कापायला बाबांनी तिलाच शिकवलं होतं. मला कधी जमलं नाही."

रोज सकाळी हा माणूस उठून चूल पेटवत होता, मासे धूत होता, सूप रांधत होता, आणि ते खड्ड्यात जाणार हे त्याला ठाऊक होतं. तिने विचारलं, मग कशासाठी? मामांनी सुरी खाली ठेवली.

"मी पातेलं चढवलं नाही, तर तिला पाठवायला कारण उरणार नाही. मला कळलंय हे तिला कळलं, तर ती लाजेने थांबेल. म्हणून मी मुद्दाम धक्क्यावर रेंगाळतो. इतकी वर्षं तिने माझ्याकडे मान वर करून पाहिलं नव्हतं गं. आता रोज माझ्यासाठी कॅनभर जास्त रांधते. मला तेवढं पुरे आहे."

एकीला वाटत होतं त्याला कळू नये, त्याला वाटत होतं तिला कळू नये, आणि मधल्या मध्ये मामी पातेली उचलून दमल्या होत्या. मोठी माणसं आपल्याला खरं बोलायला सांगतात आणि स्वतः मात्र प्रेमापोटी इतकं गप्प बसतात, याचं चौकशीला नवल वाटलं. त्यांचा राग येत नव्हता. पण हे फार दिवस चालणार नाही, हेही तिला स्पष्ट दिसत होतं.

"मामा, आमच्या काकांची बस तुमच्याकडे थांबली, तर एवढ्या माणसांचं सूप दुधाच्या कॅनमध्ये मावेल का?" ती म्हणाली. "आणि मावशींकडे थांबली, तर बसची माणसं जेवू घालून त्या तुमच्यासाठी वेगळं कधी करणार? कुठेही थांबली तरी पाठवणं बंद पडेल. मग त्यांना वाटेल, आपण भावाला उपाशी टाकलं. त्यांना कारणही सांगता येणार नाही."

बाहेरून काकांचा आवाज येत होता: टेप घट्ट धर, घट्ट. मामांनी हात धुतले, पंच्याला पुसले आणि पुढच्या दाराने बाहेर पडले. चौकशी त्यांच्या मागे गेली.

रस्त्यात काका एका टोकाला आणि ढेकर दुसऱ्या टोकाला होता, मध्ये टेप ताणलेली. मामांनी ती ओलांडली. धक्क्यावरच्या तिकीटवाल्याने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं. काचेआड मामींनी तोंडावर हात ठेवला होता. काकांनी तोंड उघडलं, तेव्हा मिनिटने त्यांचा हात धरला आणि अगदी हळू म्हणाली, "बाबा, आत्ता नको." मुलीचा चेहरा बघून काका गप्प राहिले. अशी वेळ त्यांच्यावर क्वचितच येत असे.

निळ्या दाराच्या आत जेवणारे लोक चमचे हातात धरून बसले होते. मामा थेट स्वयंपाकघरात गेले. मावशी पातेलं ढवळत होत्या. त्यांनी मान वळवली, आणि डाव पातेल्याच्या काठाला लागून वाजला.

"ताई," मामा म्हणाले, "बसची माणसं यायची आहेत. दुधाच्या कॅनने नाही भागायचं आता. मोठं पातेलं काढावं लागेल."

मावशी चुलीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. खांदे हलत होते. मग त्यांनी पदराने चेहरा पुसला.

"कधीपासून कळलंय तुला?"

"पहिल्या दिवसापासून."

"मी त्या दिवशी जे बोलले..."

"ते राहू दे. मी पाव भाजू शकतो, मासे साफ करू शकतो, लोकांशी गोड बोलू शकतो. ते तुला कुठे येतं? लोकांशी बोलणं मी बघतो."

मावशी रडता रडता हसल्या. चौकशी दारातून मागे सरकली, कारण यापुढचं बघणं बरं नव्हतं.

काकांना सगळी हकिकत धक्क्यावर बसवून सांगितली. ती ऐकताना त्यांनी दोनदा वाजणारा फोन बंद केला. आपण काय करून बसलो असतो हे त्यांच्या हळूहळू लक्षात आलं, आणि त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. मग त्यांनी आपला निकाल दिला. बस इथेच थांबेल. सूप निळ्या दाराच्या खानावळीत रांधलं जाईल आणि लोक बसतील समोर, काचेच्या खिडक्यांशी, जिथे त्यांना सरोवर दिसेल. बस वळेल की नाही हे मात्र त्यांना अजून कळलं नव्हतं, कारण एकही मोजमाप धड झालं नव्हतं.

"तुमच्या वयाचा असतो तर मी सरळ जाऊन विचारलं असतं," ते म्हणाले. "आणि या वयातही तेच करणार होतो. तुम्ही माझ्याहून शहाणे आहात, पोरांनो." काकांचा एवढा हळू आवाज तिघांनी पहिल्यांदा ऐकला. मामींनी चौकशीला जवळ घेऊन तिच्या केसांवरून हात फिरवला आणि ढेकरला म्हणाल्या, की तू या गावात कधीही ये, तुझा वाडगा माझ्याकडे राखून ठेवलेला असेल. ढेकरने पुढच्या सुट्टीचं लगेच पक्कं करून टाकलं.

गर्दी ओसरल्यावर निळ्या दाराच्या आत सगळे एकाच बाकावर जेवायला बसले. मावशींनी पहिला वाडगा मामांपुढे ठेवला. चोरून न आलेलं, मावशींच्या हातून वाढलेलं हे सूप त्यांना कित्येक वर्षांनी मिळत होतं. त्यांनी वाडगा दोन्ही हातांनी उचलला आणि सवयीने वासासाठी चेहऱ्याजवळ नेला. मग ते थांबले. त्यांचा चेहरा उतरला.

मामांनी वाडगा खाली ठेवला नाही. त्यांनी वर पाहिलं.

"ताई, कसा वास येतोय?"

मावशी त्यांच्या शेजारी येऊन बसल्या. वाकून त्यांनी वाफ ओढून घेतली, डोळे मिटले आणि सांगू लागल्या. आधी मासा येतोय, ताजा, पाण्याचा. त्याच्या मागे कांदा, चांगला परतलेला. लसूण आहे पण पुढे पुढे करत नाही. आणि अगदी शेवटी लोणी. मामा ऐकत होते, आणि मावशींचं सांगून झालं तेव्हा त्यांनी पहिला चमचा तोंडात घातला.